छपराला कोणते लाकूड?

आपण घर बांधतो ते आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. भिंत खचली तर लिंपता येते. जमीन उखणली तर चोपता येते. पण छपराचे लाकूड गेले, की अख्खे घर उघड्यावर पडते. आणि लाकूड चांगले की वाईट, हे घेतले त्या दिवशी कळत नाही. दहा-बारा पावसाळे गेले म्हणजे कळते. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आमच्या वाडीतल्या एका काकींचे असेच झाले. वाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. काकी आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. त्यांच्या घराचे माजघर त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधलेले. पुढची पडवी काकींनी बांधवून घेतली, तिला १४ वर्षे झाली होती. यजमान तेव्हा मुंबईला कामाला होते. लाकूड काकींनीच घेतले. त्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. "पडवीला साग आहे हो," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

श्रावणातल्या एका रात्री पडवीचा वासा मोडला. कौले धडाधड खाली आली. काकींचा नातू रोज तिथेच निजतो. त्या रात्री पावसाची झड आत येत होती, म्हणून त्याला माजघरात नेले होते. सकाळी त्याच्या निजण्याच्या जागी कौलांचा ढीग होता.

दिवाळी झाली. काकींनी सुतारदादांना बोलावले. आम्ही वर्गातली सात-आठ माणसेही गेलो. कौले उतरवली, आणि दोन्ही छपरांचे लाकूड आमच्यासमोर उघडे झाले.

छपराची हाडे

पुढचे समजावे म्हणून चार शब्द आधी सांगतो. छपराच्या दोन्ही उतारांना पाखे म्हणतात. दोन पाखे वर मिळतात तिथले आडवे लाकूड ते आढे. आढ्यापासून भिंतीकडे उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा. रिपांवर कौले बसतात. वाशांची टोके भिंतीच्या बाहेर येतात, जिथून पागोळ्या गळतात, ती वळचण.

सुतारदादांनी वाकसाच्या दांड्याने माजघराचा वासा ठोकला. खणखणीत आवाज आला. मग पडवीचा ठोकला. आवाज आला भद् भद्. त्यांनी पटाशी टोचली. माजघराच्या वाशात ती शिरेना. पडवीच्या वाशात दोन बोटे आत गेली आणि पिठासारखा भुसा गळला.

"हा घूण," दादा म्हणाले. भिंतीजवळच्या दुसऱ्या वाशावर मातीची बारीक नळी चढली होती. ती खरवडून ते म्हणाले, "आणि ही वाळवी."

हे दोन शत्रू निराळे आहेत. घुणाचा भुंगा उडत येतो, लाकडात अंडी घालतो, आणि अळी आतून लाकूड पोखरते. बाहेर दिसतात ती नुसती बारीक भोके. वाळवी जमिनीतून येते. तिला ओल आणि अंधार लागतो, म्हणून ती मातीची नळी बांधत चढते. मातीच्या भिंतीतून तिला आयता जिना मिळतो. तिसरा शत्रू म्हणजे कूज. ती पाण्याने येते. माजघराच्या तीन वाशांची वळचणीकडची टोके कुजली होती, पण वीतभर आत लाकूड ठणठणीत होते. मधला वासा कोरडा राहतो, टोक मात्र भिजते. टिकाऊ लाकूड पहिल्यांदा लागते ते टोकाला, हे आम्हाला तेव्हा समजले.

काकी म्हणाल्या, "दादा, हे कसं? जुनं टिकलं आणि नवं कुजलं? माजघराला तर साधं रानातलं लाकूड आहे."

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पडवीच्या वाशाचा, न पोखरलेल्या जागी, एक तुकडा करवतीने कापला. काकींच्या नाकाशी धरला. "वहिनी, वास येतो का?"

सागाच्या ताज्या कापाला चामड्यासारखा उग्र वास असतो. हाताला किंचित तेलकट लागतो. या तुकड्याला वास नव्हता, तेलही नव्हते.

"हा साग नव्हे," दादा म्हणाले. "माजघराचं आढं किंजळाचं आहे. वासे ऐनाचे."

दुसऱ्या दिवशी काकी वर्गात एक जुनी चिठ्ठी घेऊन आल्या. अर्धे पैसे रोख आणि अर्धे उधार, म्हणून त्या वेळी व्यापाऱ्याने ती लिहून घेतली होती. खाली काकींचा अंगठा होता. काकी फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचू लागल्या. "जंगली वासे, नग २४." साग हा शब्द चिठ्ठीवर कुठेच नव्हता.

जंगली लाकूड म्हणजे साग सोडून मिळेल ते सरमिसळ लाकूड. त्यात चांगलेही निघते, वाईटही निघते. पण त्याला सागाचा भाव द्यायचा नसतो. काकींनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग घडी करून पिशवीत ठेवली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

साग म्हणजे सगळाच साग नव्हे

मग आम्ही दादांबरोबर लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे खरा साग पाहिला. खरा, पण तोही जपून घ्यावा असा.

कोणत्याही मोठ्या झाडाचा ओंडका आडवा कापला, तर मध्ये गडद रंगाचा गाभा दिसतो. भोवती, सालीच्या आत, फिकट पांढरा पट्टा असतो. झाड जिवंत असते तेव्हा पाणी वर चढते ते या पांढऱ्या पट्ट्यातून. त्यात पिष्ठ असते, गोडवा असतो. किड्याला तेच हवे. झाड जून होते तसतसा आतला भाग गाभा बनतो. त्यात किड्याला न मानवणारी द्रव्ये साठतात. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात, ते गाभ्याबद्दल खरे आहे. सागाच्या पांढऱ्या भागाला घूणही लागतो, वाळवीही लागते.

लवकर तोडलेल्या कोवळ्या सागात गाभा थोडा आणि पांढरा भाग पुष्कळ. असा वासा स्वस्त मिळतो, आणि विकणारा खोटेही बोलत नाही, तो सागच असतो! पण जून ऐनाचा गाभा त्याच्यापेक्षा बरा. म्हणून वासा घेताना चारही बाजू फिरवून पाहा. दोन्ही टोके पाहा. पांढरी कड दिसली तर ती तासून टाकल्यावर किती लाकूड उरते, ते आधी मोजा आणि मग भाव करा.

तरी सागाची थोरवी खोटी नाही. जून साग वाळल्यावर फारसा वाकत नाही, फाटत नाही. त्यात लोखंडी खिळा सहसा गंजत नाही. सुतारकामाला सोपा. वजनाला बेताचा, वाळलेल्या सागाचा एक घनफूट सुमारे १८ ते १९ किलो भरतो. ऐपत असेल त्याने आढ्याला आणि चौकटींना जरूर घ्यावा. सगळे घर सागाचेच हवे, हा मात्र हट्ट आहे.

बाकीची झाडे

ऐन ओळखायला सोपा. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. लाकूड जड, कठीण आणि ताकदीचे. ओझे पेलायला सागाला हार जात नाही. खोड एवढीच, की वाळताना फाटतो आणि पिळतो. घाईने वाळवू नये, उन्हात टाकू नये. खिळा ठोकण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर चीर जाते. किंजळ हा ऐनाचाच भाऊबंद. कोकणातली कितीतरी जुनी घरे याच दोघांवर उभी आहेत. आम्हाला विचाराल तर कोकणातल्या छपराला ही जोडी पुरेशी आहे.

फणसाचा गाभा पिवळाधमक, पुढे तांबूस होतो. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण फळ देणारा फणस वाशासाठी पाडणे आमच्या जिवावर येते. जांभूळ पाण्यात टिकतो. आंबा मात्र छपराला घेऊ नका. लाकूड हलके, घूण आणि वाळवी दोघांचे आवडते. खोक्यांना ठीक, वाशाला नाही. निलगिरीचे वासे सरळ आणि स्वस्त मिळतात. पण ते वाळताना पिळतात, चिरतात आणि वाळवीला बळी पडतात. गोठ्याला किंवा मांडवाला चालतील.

आता घरच्या बागेतले. जुन्या माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण आणि आतला भुसभुशीत असतो. इथे नियम उलटा आहे. इतर झाडांचा गाभा घ्यायचा, माडाचा बाहेरचा काळपट भाग घ्यायचा. कोवळ्या माडाचा उपयोग नाही. पोफळीचे खोड चिरून रिपा काढतात. त्या आढ्याइतक्या टिकत नाहीत, पण त्याची काळजी नको. रीप बदलता येते. आढे बदलायचे म्हणजे सगळे छप्पर उतरवावे लागते. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, ते यावरून ठरवा.

बांबूही चांगला, पण जून हवा. तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडावा. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून वाशाला चालतो. बांबूतले पिष्ठ घुणाला बोलावते. म्हणून जुने लोक तो काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत, म्हणजे पिष्ठ धुऊन जाई. आज टाकणखार आणि बोरिक आम्ल पाण्यात विरघळवून त्यात बांबू भिजवतात. पण हे औषध पावसाने धुऊन जाते. बांबू छपराच्या आत, कोरडा असेल तरच ते टिकते.

काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची चाल कोकणात आहे. त्याने कीड दूर राहते. पण ते अंगावर पडले तर फोड येतात. हाताला फडकी बांधून लावावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

उभा की आडवा?

वर्गात लाकडी पट्टी असेल तर ती हातात घ्या. चपटी धरून वाकवा. वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून वाकवा. वाकत नाही. लाकूड तेच, ताकद निराळी.

वाशाचेही तसेच. चार इंच रुंद आणि दोन इंच जाड वासा आडवा ठेवला तर जेवढे ओझे पेलतो, त्याच्या दुप्पट तो उभा ठेवल्यावर पेलतो. फुकटात दुप्पट! तसेच, दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले तर वाशावरचा ताण दुपटीने नाही, चौपटीने वाढतो. काकींच्या पडवीचे वासे आडवे ठोकले होते. घुणाने पोखरले, आणि आडवेपणाने उरलीसुरली ताकद गेली.

ओझे तरी किती असते? मंगळुरी कौल एकेक सव्वादोन किलोच्या आसपास भरते. १०० चौरस फूट छपराला अशी सुमारे १५० कौले लागतात. म्हणजे तीनशे किलोंच्या वर. पावसात भिजली की आणखी वाढते. ही कौले मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ साली होऊ लागली आणि गलबतांतून कोकणात आली. त्याआधीची नळीची कौले एकावर एक चढवावी लागत. ती याहून जड पडतात, म्हणून नळीच्या कौलांना वासे जवळजवळ लागतात.

वाराही विसरू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीत कितीतरी घरांची कौले आणि पत्रे उडाले. वारा छपराला खाली दाबतो तसाच वर उचलतोही. वासा भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला नुसता टेकवून भागत नाही. लोखंडी पट्टीने बांधून घ्यावा.

घाटावरच्या वाचकांसाठी

घाटावर लाकूड निराळे आणि छप्परही निराळे. तिथे बाभूळ आणि कडुनिंब हाताशी असतात. बाभूळ चिवट, पण वाकडी. लांब वासा मिळत नाही. कडुनिंबाला कीड कमी लागते, पण तोही वाळताना पिळतो. दोन्हींचे आखूड तुकडे जवळजवळच्या खांबांवर चांगले काम देतात.

जिथे माळवद आहे, तिथे लाकडाच्या जातीपेक्षा मातीच्या ओझ्याची चिंता मोठी. गळू नये म्हणून लोक माळवदावर दर काही वर्षांनी नवी माती घालतात. जुनी काढत नाहीत. थरावर थर चढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरचे जड माळवद निजलेल्या माणसांवर आले. जिथे माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर पेललेले होते, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणून माळवदाचे ओझे नुसत्या भिंतीवर सोडू नका, खांब द्या. खांब दगडी तळखड्यावर उभा करा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दूर राहतात. आणि नवी माती घालण्याआधी जुनी खरवडून काढा.

काकींनी काय केले

काकींच्या बांधावर एक ऐन होता. तो पाडू का, असे त्यांनी विचारले. आपल्या जमिनीतले झाड असले तरी सगळी झाडे मनाला येईल तशी तोडता येत नाहीत. महाराष्ट्रात झाडतोडीवर नियम घालणारा कायदा १९६४ साली झाला. त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ, खैर अशी झाडे आहेत. आधी वनखात्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. २०१७ साली बांबू मात्र वनकायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून काढला गेला. काकींनी ऐन राखला. वखारीतून लाकूड घ्यायचे ठरवले.

मोजणी त्यांनी वर्गातच केली. वाशाची लांबी फुटांत घ्यावी, रुंदी आणि जाडी इंचांत. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागावे, म्हणजे घनफूट येतात. वासा ९ फूट लांब, ४ इंच रुंद, २ इंच जाड. नऊ चोक छत्तीस, छत्तीस दुणे बहात्तर. ७२ भागिले १४४, म्हणजे अर्धा घनफूट. २० वाशांचे झाले १० घनफूट. वखारवाल्याने ११ सांगितले. काकींनी पाटी पुढे केली. त्याने पुन्हा मोजले आणि १० लिहिले.

पडवीच्या भिंतीवरचे आडवे लाकूड आणि दोन कडेचे वासे किंजळाचे घेतले. बाकीचे वासे ऐनाचे. साग घेतला नाही. रिपा घरच्या पोफळीच्या. माजघराच्या वाशांची कुजकी टोके कापून दादांनी तिथे किंजळाचे जोड दिले.

लाकूड पौषात आले, पण लगेच चढवले नाही. ओले लाकूड वाळताना आकसते आणि सांधे सैल होतात. वासे सावलीत, दगडांवर, मध्ये पट्ट्या घालून रचले, म्हणजे सगळीकडून वारा खेळतो. टोकांना शेण-मातीचा लेप दिला. टोके लवकर वाळतात आणि तिथूनच चिरा पडतात, लेपाने ते टळते. एक हातभर तुकडा दर पंधरा दिवसांनी वाण्याच्या तराजूत घातला. वजन उतरत गेले. चैत्राच्या शेवटी उतरायचे थांबले. दादा म्हणाले, "आता चालेल."

वैशाखात वासे चढले, सगळे उभे. मृगाच्या आधी कौले बसली. व्यापाऱ्याकडून या वेळी जी पावती घेतली, तिच्यावर झाडाचे नाव, नग, लांबी-रुंदी-जाडी, घनफूट आणि भाव असे सगळे लिहिलेले आहे. खाली काकींची सही आहे. ऐनाचे दोन वासे उरले. ते त्यांनी गोठ्यासाठी ठेवले आहेत, जमिनीपासून वर, दगडांवर.